एक आणा लाटीन

देवास, शुक्रवार, ता. ९ आक्टोबर १९०८

ही वही घेऊन चौथा महिना चालू आहे आणि पहिलं अक्षर आज लिहितोय. टाळत होतो, दुसरं काय! रोज एक निमित्त निघायचं. दौत सुकली, टाक मोडला, समोर माकडवाला आला. खरं कारण वेगळं. स्वतःच्याच वहीत खोटं लिहिण्यात अर्थ नाही, आणि खरं लिहायचं तर पहिल्याच ओळीला लिहावं लागलं असतं की मला लाटीन येत नाही.

घ्या, लिहिलं. 

मी चिंतामणी, मूळ धारचा. मराठी चार इयत्ता पुऱ्या, इंग्रजी दीड. वडील दरबारात कारकून होते. ते गेल्यावर घरात बसवेना. नेमावरला नर्मदेवर नावाड्यांबरोबर एक उन्हाळा काढला, सतवासला धान्याच्या अडत्याकडे एक हंगाम, मधे एका कथेकऱ्यामागे झांजा वाजवत फिरलो. कुठेही दोन महिन्यांवर मन लागत नाही. आषाढात इथे आलो तो गोपाळराव डाक्टरांकडे चिकटलो. सरकारी नोकरी पुरी करून त्यांनी हा खासगी दवाखाना काढलाय. देवासात दोन राजे, दोन राज्यं; गल्लीची आमची बाजू थोरल्या पातीच्या राज्यात, समोरची धाकट्या पातीच्या. म्हणजे समोरचा रोगी खोकत खोकत परराज्यातून येतो.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "चिठ्ठीतलं लाटीन येतं का रे?"

आता धारला आमच्या घरापासून हाकेवर लाट मशीद. तिथे ती जुनी लोखंडी लाट, म्हणजे खांब, तीन तुकडे होऊन पडलेली आहे, वर अक्षरं कोरलेली. साहेब लोक आले की मी त्यांना ती दाखवायचो, मनाला येईल ते वाचूनही दाखवायचो. मला वाटलं, लाटेवरची ती लाटीन. म्हणालो, "येतं ना! लहानपणापासून रोज बघतोय."

"पाद्र्यांच्या शाळेत होतास वाटतं?"

"हो." होतो, नाही असं नाही. चित्रांची कार्डं वाटायचे त्या दिवशी.

लाटीन म्हणजे चिठ्ठ्यांवरची नि बरण्यांवरची ती तुटकी अक्षरं, हे कळायला आठवडा लागला. तोवर "येत नाही" म्हणायची वेळ निघून गेली. बाटल्या धुवायच्या, डोसांच्या खुणांची कागदी पट्टी कातरून चिकटवायची, नावं पुकारायची, एवढंच माझं काम. औषध ते स्वतः पडद्याआड बनवत. म्हणून निभलं.

आज धारहून तार आली. त्यांच्या थोरल्या बहिणीला अर्धांगवायू झालाय. उद्या सकाळी ते निघतात, दिवाळीच्या सुमाराला परत. दवाखाना माझ्यावर!

"नवा रोगी घ्यायचा नाही, इंदूरला पाठवायचा. जुन्या चिठ्ठ्यांबरहुकूम भरून द्यायचं. अक्कल चालवायची नाही." असं म्हणून त्यांनी एक चिठ्ठी पुढे धरली. दोन औषधांची नावं एकाखाली एक, दोन्हींना जोडणारा कंस, कंसापुढे दोन 'ए' आणि त्यांच्या डोक्यावर रेघ. "हे काय?"

मी चिठ्ठी उलटी करून बघितली.

"आना रे, आना!" ट्रंक भरता भरता तेच म्हणाले.

"हो हो, आणा."

"हं. ग्रेन, औंस तुला येतातच."

एवढ्या लाटिनीतला एक शब्द तरी आपला निघाला म्हणून बरं वाटलं. पण उद्यापासून औषध माझ्या हातचं. माणूस मारायला काय लागतं? चार थेंब.

रविवार, ता. ११

आज पहिल्यांदा पडद्यामागे गेलो. बरण्यांवर कवटीचं चित्र आहे त्या तीन आधी उचलून वरच्या फळीवर भिंतीकडे तोंड करून ठेवल्या. मग हात धुतले. मग परत धुतले.

पहिली चिठ्ठी सुमंगलाची. तिचा नवरा गणोजी पागेतला जीनगर, घोड्यांची खोगिरं शिवतो. तिला तिजारीचा ताप. एक दिवस सोडून बरोबर दुपारी दोनला हुडहुडी भरते, चार गोधड्या घातल्या तरी खाट हलते. चिठ्ठीत क्विनाईन आणि आणखी एक पांढरी पूड, दोन्हींना कंस, पुढे आणा, पुढे साठ ग्रेन. बारा डोसांची बाटली. मी हिशेब नीट केला. साठ ग्रेनचा आणा म्हणजे सोळावा हिस्सा, पावणेचार ग्रेन. डाक्टरी औषधं जालीम असतात, म्हणून आण्याच्या मापानं घालत असणार. तराजूचं पारडं नखाएवढं; त्यावर पूड ठेवताना श्वास रोखून धरला होता.

गणोजी बाटली उजेडात धरून, भावाला हाक मारावी तसं म्हणाला, "भिया, डाक्टरसाब नाही तर तू? हाताला येतं ना?"

"लाटीन शिकलोय मी."

"ते काय असतं?"

मी म्हटलं, लाटसाहेबाची बोली. त्यानं बाटलीला नमस्कार केला. 

बुधवार, ता. १४

तीन दिवसांत एकोणीस बाटल्या. कुणी मेलं नाही. उलट तारीफ! गल्लीतली म्हातारी म्हणाली, "डाक्टरचं औषध कडूजहर, तुझ्या हातचं कसं गोड लागतं रे पोरा." अशा चौघांनी सांगितलं. क्विनाईनची बरणी अजून गळ्यापर्यंत भरलेली आहे. डाक्टरसाहेबांच्या हाताखाली ती महिन्यात उतरायची. खूष होतील.

आज रोगी कमी, म्हणून टेकडीच्या वाटेवर राहणाऱ्या शास्त्रीबुवांकडे गेलो. जायचं होतं बुचं आणायला. पण लाटीन म्हणजे नक्की काय, हे एकदा कळावं असं फार दिवस मनात आहे. पकडलो गेलो तर निदान एवढं तरी सांगता यावं. शास्त्रीबुवा म्हणाले, "अरे, लाट म्हणजे भडोचकडचा आपला जुना देश. तिथल्या कवींची रीती ती लाटी. साहेबांनी तीच पळवली आणि मागे 'न' लावला." मग त्यांनी लाटानुप्रासाची उदाहरणं सांगितली, एक शब्द दोनदा घ्यायचा आणि अर्थाला बगल द्यायची. ऐकत संध्याकाळ झाली. बुचं राहिली.

परत आलो तर पायरीवर गणोजी. "आज दोनला पुन्हा भरलं तिला. परवाच्यापेक्षा जास्त."

म्हटलं, चारच दिवस झालेत, धीर धर. म्हटलं खरं.

शुक्रवार, ता. १६

कालच सुमंगलाची दुसरी बाटली भरली, तशीच, पावणेचार ग्रेन. आज गणोजीनं मला ओढतच घरी नेलं. दोनच्या पाळीचा ताप होता. ती एकोणीस-वीसची असेल. दातावर दात आपटत होते, ओठ निळे, डोळे माझ्याकडे पण दिसत काही नसावं. "आई, पाणी घाला अंगावर," म्हणते, आणि थंडीनं तर उडतेय. नाडी बघायचं सोंग केलं. हाताला चटका बसला.

बाहेर येऊन गणोजी हळूच म्हणाला, "भिया, आधी ती उठून दळण करायची, ताप नसेल त्या दिवशी. आता मधल्या दिवशीही उठत नाही. औषध तेच आहे ना, डाक्टरसाबचं?"

"तेच."

"मग डाक्टरसाब होते तेव्हा उतार का होता?"

त्यानं रागानं विचारलं असतं तर बरं झालं असतं. तो खरंच विचारत होता.

पळून जावंसं वाटतंय. नेमावरला नाव चालवणं किती चांगलं होतं. तिथे माणूस बुडाला तर सगळ्यांना दिसतं कशानं.

शनिवार, ता. १७

दुपारी चिठ्ठी खिशात घालून कायतान मास्तरांकडे गेलो. ते दरबारच्या बँडचे मास्तर, गोव्याचे किरिस्ताव; लहानपणी तिकडच्या पाद्र्यांकडे शिकले म्हणतात. लिंबाखाली बसून एका पिपाणीला तेल देत होते.

"मास्तर, लाटीन म्हणजे काय हो?"

"आं? तुका कित्याक?" मग मराठीवर आले. "तुला कशाला हवं? लातीं म्हण. रोमच्या बाजूला लात्सियो म्हणून मुलूख आहे, तिथली बोली. आमच्या प्रार्थना तीतच. आणि मलबारात गेलास तर तिथले जुने किरिस्ताव आम्हालाच 'लातीं' म्हणतात. म्हणजे बघ, मुलूख, बोली आणि माणूस, तिन्ही एकाच नावाचे."

"आणि त्या मुलखाचं नाव कशावरून?"

ते हसले. "आमचा एक म्हातारा पाद्री सांगायचा. जुना एक देव, त्याच्या पोरानंच त्याला गादीवरून हाकललं. भिऊन पळाला तो त्या मुलखात येऊन लपला. लपला त्याला त्यांच्या बोलीत 'लात' असं काहीसं म्हणतात, म्हणून लात्सियो. दुसरा पाद्री म्हणायचा, सगळं झूट; जमीन सपाट, रुंद, म्हणून ते नाव. मला म्हाताऱ्याची गोष्ट आवडते."

मला त्या देवाचा एवढा विचार आला की कशाला आलो तेच विसरलो. भिऊन लपलेल्याच्या गावाचं नाव, आणि त्यावरून केवढी थोरली भाषा! तो तिथे काय करत असेल? कुणी ओळखलं असेल का? मी विचारत राहिलो. मास्तरच कंटाळून म्हणाले, "खिशातून काय डोकावतंय ते?"

चिठ्ठी दिली. त्यांनी चष्मा पुसला. औषधांची नावं त्यांना समजली नाहीत. पण कंसावर बोट ठेवलं.

"हे माहीत आहे मला. आमच्या बँडच्या सुरावटीच्या कागदावर असतं. दोन बाजे, पुढे असा कंस, पुढे 'अ'ची खूण. म्हणजे दोघांनी तेच वाजवायचं, सारखं. हे दोन्ही सारखं घालायचं, साठ हे नि साठ ते."

"नाही हो. तो आणा आहे. एक आणा, सोळावा हिस्सा."

"आणा?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "बाबा, लातींमध्ये आणा कुठून येणार? रोमला काय आपली टांकसाळ होती?"

आणि मोठ्यांदा हसले. बँडवाले बघायला लागले. मीही हसलो असेन.  घरी येऊन बसलोय. एकोणीस बाटल्या त्या, त्यानंतर आणखी. सगळ्याच कंसाच्या नाहीत, आठ असतील. नऊ. सुमंगलाच्या दोन.

गोड लागतं म्हणत होते.

रविवार, ता. १८

सगळं क्रमानं लिहितो, नाहीतर डोकं फिरेल.

सकाळी गाठोडं बांधलं. दवाखान्याची किल्ली उंबऱ्याखाली सरकवली आणि टांग्याच्या अड्ड्यावर गेलो. सतवासकडे जाणाऱ्या एका खटाऱ्यात जागा मिळाली. शेजारी बापू म्हणून एक म्हातारा, मांडीवर पिशवी, पिशवीत बाटली. पट्टी मी ओळखली. मी कातरताना कोपरा नेहमी तिरका जातो.

"लेकीसाठी नेतोय, शेजाऱ्यानं आणून दिली," म्हणाला. "तिजारी भरलीय तिला. तुमच्या देवासला औषध मोठं छान, मी चाखून बघितलं."

गाडी नाक्याशी आली होती. मी ती बाटली त्याच्या मांडीवरून उचलली आणि खाली उडी मारली.

"चोर! अरे, चोर आहे हा! भिया, धरा त्याला!"

मी पळतोय, म्हातारा मागे, गाडीवाला मागे. पळता पळता ओरडलो, "दुसरी देतो, बापू! ही देऊ नका तिला!" दवाखान्याच्या दारात तिघेही धापा टाकत बसलो. त्यांच्यासमोर नवी भरली. साठ ग्रेन हे, साठ ते. पारड्यात मावेना, चार वेळा टाकावं लागलं.  आतापर्यंत काही न दिल्यानं माणसं मरत होती. मास्तर चुकले असतील तर आता दिल्यानं मरतील. बापू बाटली घेऊन मला शिव्या देत गेले.

सुमंगलाची बाटली घेऊन गेलो तेव्हा बाराचा सुमार होता. गणोजी ओसरीवर चामडं शिवत होता.

"आजवरच्या बाटल्यांत औषध नव्हतं," मी म्हणालो. "म्हणजे होतं. एक आणा होतं. रुपयातलं. माझी चूक. मला लाटीन येत नाही."

त्यानं हातातली आरी हळूच, अगदी हळूच बाजूला ठेवली. फेकली असती तर मी एवढा घाबरलो नसतो.

आतून सुमंगलाचा बारीक आवाज आला. "म्हणजे सात दिवस मी पाणीच पीत होते?"

गणोजी म्हणाला, "आणि ह्यात किती हाय?"

"सोळा आणे."

"कशावरून?"

बँडमास्तर म्हणाले, असं सांगवलं नाही. बाटलीचं बूच काढून पुढे धरली.

"आधी तू पी."

पहिल्या खुणेपर्यंत प्यालो. जीभ आत ओढली गेली, डोळ्यांतून पाणी. तो समोर बसून घटकाभर माझ्याकडे बघत होता, विहिरीत दगड टाकून आवाजाची वाट बघावी तसा. मी पडलो नाही. मग त्यानं बाटली आत नेली. बाहेर येऊन एवढंच म्हणाला, "तिला काही झालं, तर तू नाक्यापल्याड जाऊ नकोस. गेलास तरी मी येईन तिथे."

दोनला ताप आलाच. आरडाओरडा गल्लीपर्यंत आला.

सोमवार, ता. १९

सकाळीच गणोजी दारात. "तिच्या कानात घणघण वाजतंय. मी बोलतो ते ऐकू येत नाही तिला. हे काय पाजलंस?"

 कान जाण्यापासून मरणापर्यंत किती वेळ असतो मला ठाऊक नाही. कवटीच्या तिन्ही बरण्या परत पाहिल्या. चुकून त्यातलं तर गेलं नाही ना. नाही गेलं. निदान वाटतं तरी नाही गेलं. मग माझ्याही कानात काहीतरी वाजायला लागलं. खिडकीत जाऊन उभा राहिलो, पलीकडे बँडची तालीम चालली होती का बघायला. नव्हती.

औषध थांबवू म्हटलं तर ताप मारणार, चालू ठेवू म्हटलं तर मी मारणार. अक्कल चालवायची नाही, असं साहेब सांगून गेले होते. चिठ्ठीत थांबवा असं कुठेही नाही. चालू ठेवा म्हणालो. गणोजीनं विचारलं,

"तू पण पितोयस ना?"

"पितो."

साहेबांना धारला पत्र टाकलं. सगळं लिहिलं, पाद्र्यांच्या शाळेपासून. चार पानं झाली. खाली विचारलं, आना म्हणजे काय ते उलट टपाली कळवावं. उरलेल्या सहा घरी जाऊन बाटल्या बदलल्या. म्हातारीनं दारातच सुनावलं, "गोड होतं तेच दे, मेल्या!"

मंगळवार, ता. २०

ताप आला. दोनला नाही, साडेतीनला. गोधड्या दोनच लागल्या म्हणे. गणोजीनं हे सांगितलं ते मान वळवून, माझ्याकडे न बघता. चांगलं की वाईट? मरणाआधी ताप कधी कधी उतरतो, असं नेमावरला एक नावाडी म्हणायचा. त्याची बायको तशीच गेली.

गुरुवार, ता. २२

सकाळी साहेबांचं कार्ड. वर तारीख, खाली तीन ओळी.

"आना म्हणजे प्रत्येकी समभाग. कानात वाजणं क्विनाईनचं, चालू ठेव, सोडू नकोस. मी निघालो आहे; आल्यावर तुझ्याकडे बघतो."

तीनदा वाचलं. बँडमास्तर बरोबर होते. म्हणजे बाटली बरोबर आहे. पण अकरा तारखेपासून सात दिवस गेले ते गेलेच, आणि त्या सात दिवसांत तिच्या अंगात काय उरलंय हे कार्डात कुठे लिहिलंय? 'बघतो' चा अर्थ मात्र लाटीन न येताही कळला.

आज तापाची पाळी आहे. दिवाळी दोन दिवसांवर. गल्लीत बायका अंगणं सारवतायत. गाठोडं अजून बांधलेलंच आहे, खाटेखाली आहे, पण मी काही उठलेलो नाही.

दोन वाजले. घड्याळाखाली बसून लिहितोय. कान दाराकडे.

सव्वादोन. गणोजीच्या घराकडून आवाज नाही. आवाज नसणं कशाचं, हे मला ओळखता येत नाही. रडं असतं तर इथवर आलं असतं. की अजून कळलंच नसेल कुणाला?

पावणेतीन. टांगा थांबला. साहेब असणार. नाही, समोर उतरला कुणी, धाकट्या पातीत.

तीन. आता गणोजी येईल. येईल तेव्हा त्याच्या हाताकडे आधी बघायचं, तोंडाकडे नंतर, असं ठरवलंय. उठून खिडकीत गेलो. कोपऱ्यावर कुणीतरी दिसतंय. गणोजी नाही. बाई आहे. भिंतीला हात लावत लावत, दोन पावलं चालून थांबत, पुन्हा चालत येतेय. लोक बाजूला होतायत. कुणी धरायला गेलं तर झटकतेय. पदर कमरेला खोचलेला, कोपरापर्यंत पीठ.

सुमंगला आहे. तीन वाजून गेले तरी हुडहुडी नाही. पायरीशी पोहोचली. हातात लाटणं आहे, आणि माझं नाव घेऊन बाहेर बोलावतेय.